पानांचा रस आणि रोगजंतू : खरे किती, समजूत किती?



तुळस, कडुनिंब, अडुळसा, निर्गुडी, कोरफड, शेवगा. आपल्या कार्यक्षेत्रात असे घर विरळाच की ज्याच्या दारात, परसात किंवा बांधावर यांतली दोन-तीन झाडे नाहीत. खोकला झाला की अडुळशाचा काढा, अंगाला खाज सुटली की कडुनिंबाच्या पाल्याचे पाणी, सांधा धरला की निर्गुडीचा शेक. हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. आता यात एका नव्या गोष्टीची भर पडली आहे. कॉलेजात शिकणारी आपली मुले-मुली सुट्टीला घरी येतात आणि सांगतात की, आम्ही प्रयोगशाळेत तुळशीच्या पानांचा अर्क घातला आणि रोगजंतू मेले. मोबाईलवरही अशी माहिती रोज फिरत असते.

मध्यंतरी गटाच्या बैठकीत एका सभासदांनी आम्हाला सरळच विचारले, "साहेब, पोरगी म्हणती पाल्याच्या रसानं जंतू मरत्यात. मग डॉक्टरला पाचशे रुपये घालवण्यापरीस गाईच्या सडातच रस सोडला तर काय बिघडलं?" प्रश्न अगदी रास्त आहे. मुलगी सांगते ते खोटे नाही. पण त्यावरून बापाने काढलेला अर्थ मात्र गाईच्या जिवावर बेतू शकतो. म्हणून या अंकात उसाची लागण आणि खतांचे हप्ते थोडे बाजूला ठेवून आम्ही हाच विषय घेतला आहे.

हिंगण्यापासून सुरुवात

आपल्या अनेक सभासदांच्या मुली पुण्याला कर्वेनगरात शिकायला असतात. हे कर्वेनगर म्हणजे जुने हिंगणे बुद्रुक. महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ साली विधवा स्त्रियांसाठी संस्था काढली आणि १९०० साली ती हिंगण्याच्या माळावर एका झोपडीत नेली. आज त्याच आवारात मुली अभियांत्रिकी शिकतात, नर्सिंग शिकतात. नर्सिंगच्या मुलींना तर जंतुशास्त्र हा विषय असतोच. खडकवासल्याहून आलेली मुठा याच कर्वेनगराला वळसा घालून शहरात शिरते. त्याच धरणाच्या कालव्यावर हवेली, दौंड, इंदापूरचा ऊस उभा राहिला. तेव्हा गाव शहरातले असले तरी आपल्याला परके नाही.

संस्था निघाली तो काळ आठवा. १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि लगेच पुण्यात पोचला. प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले यांचे निधन झाले. प्लेगचा जंतू त्याआधीच, १८९४ साली, हाँगकाँगला सापडला होता. जंतू कोणता ते कळले होते, पण त्याला मारणारे औषध हाती नव्हते. १८९७ च्या सुरुवातीस डॉ. हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस तयार करून प्रथम स्वतःला टोचून घेतली, तोच काय तो आधार. तुळस तेव्हाही दारोदार होती, कडुनिंब तेव्हाही गावोगाव होता. तरी माणसे गाव सोडून रानात झोपड्या घालून राहिली. प्लेगवर खरे लागू पडणारे औषध, स्ट्रेप्टोमायसीन, हाती आले ते १९४३ नंतर, आणि तेही पानातून नव्हे तर मातीतल्या एका सूक्ष्म जीवापासून.

हे सांगण्याचा हेतू आपल्या झाडपाल्याला नावे ठेवण्याचा नाही. पानात गुण आहे की नाही हा एक प्रश्न आणि त्या गुणाने अमुक रोग बरा होतो की नाही हा दुसरा. या दोन प्रश्नांची गल्लत होऊ नये, एवढेच.

बशीतली परीक्षा कशी होते?

मुली प्रयोगशाळेत काय करतात ते आधी समजून घेऊ. पाने धुऊन सावलीत वाळवतात. उन्हात वाळवली तर पानातली काही द्रव्ये उडून जातात किंवा बिघडतात. वाळलेल्या पानांची पूड करून ती पाण्यात, अल्कोहोलात किंवा ॲसिटोनसारख्या द्रवात भिजवतात, गाळतात आणि द्रव उडवून घट्ट अर्क काढतात.

नंतर काचेच्या चपट्या बशीत अगार ओततात. अगार म्हणजे समुद्रातल्या शेवाळापासून काढलेला, खरवसासारखा थिजणारा पदार्थ. त्यात जंतूंचे खाद्य मिसळलेले असते. थिजल्यावर त्यावर एकाच जातीचे जंतू सारखे पसरतात, सुमारे ६ मिलिमीटर रुंदीचे छोटे भोक पाडतात आणि भोकात अर्काचे काही थेंब सोडतात. बशी ३७ अंश सेल्सिअसला, म्हणजे माणसाच्या अंगाच्या उबेला, एक दिवस ठेवतात. दुसऱ्या दिवशी सगळ्या बशीवर जंतूंचा साय धरल्यासारखा थर दिसतो. अर्कात जोर असेल तर भोकाभोवती मात्र स्वच्छ गोल कडे राहते. तिथे जंतू वाढलेले नसतात. पट्टीने त्या कड्याची रुंदी मोजायची, झाली परीक्षा.

चांगल्या प्रयोगात आणखी दोन भोके असतात. एकात नुसते अल्कोहोल किंवा ज्या द्रवात अर्क काढला तो द्रव, आणि दुसऱ्यात माहितीचे औषध. हे का? तर अल्कोहोल स्वतःच जंतू मारते. नुसत्या अल्कोहोलभोवतीही तेवढेच कडे आले, तर पानाचा गुण कुठे राहिला? आपण नवीन खत देताना शेजारी दोन सऱ्या खताविना ठेवतो, तसाच हा प्रकार. कोणी कड्याची गोष्ट सांगितली की, "बिनखताची सरी ठेवली होती का?" हा प्रश्न जरूर विचारावा.

कडे काय सांगते आणि काय सांगत नाही

अशा परीक्षेत तुळस, कडुनिंब, पेरूची पाने, निर्गुडी यांच्या अर्कांनी कडे दिलेले आहे, एकदा नव्हे अनेकदा. तुळशीत युजेनॉल नावाचे तेल असते. लवंगेतही तेच असते आणि दातांचे डॉक्टर ते वापरतात. पेरूच्या पानात तुरट द्रव्ये असतात. तेव्हा गुण आहे, यात वाद नाही. पण पुढच्या चार गोष्टी ध्यानात घ्याव्यात.

पहिली गोष्ट, सगळे जंतू सारखे नसतात. १८८४ साली ग्राम नावाच्या डॅनिश शास्त्रज्ञाने जंतूंना रंग देण्याची पद्धत काढली. त्यावरून त्यांचे दोन मोठे गट पडले. गळू, पू करणारा स्टॅफिलोकॉकस एका गटातला, तर पोटातला ई. कोलाय दुसऱ्या गटातला. दुसऱ्या गटाच्या अंगावर एक जादा आवरण असते, जणू पावसात घोंगडी पांघरलेली. त्यामुळे पानांचे अर्क पहिल्या गटावर बऱ्यापैकी चालतात आणि दुसऱ्या गटापुढे बहुधा कमी पडतात. गाईच्या कासेत यातला कोणता जंतू बसला आहे, ते नुसते बघून कोणालाच सांगता येत नाही.

दुसरी गोष्ट मात्रेची. चांगले अँटिबायोटिक औषध एका मिलिलिटरला मायक्रोग्रॅमच्या हिशेबात काम करते. पानांच्या कच्च्या अर्काला बहुधा मिलिग्रॅम लागतात, म्हणजे हजारपटीने जास्त. ढोबळ हिशेब मांडू. माणसाच्या अंगात सुमारे ५ लिटर रक्त. मिलिलिटरला १ मिलिग्रॅम धरले तरी ५ ग्रॅम घट्ट अर्क सगळाच्या सगळा रक्तात उतरायला हवा. काढा प्यायल्यावर पोट आणि यकृत त्यातले बरेच मोडून टाकतात. बशीला पोटही नाही आणि यकृतही नाही.

तिसरी गोष्ट काढण्याच्या पद्धतीची. अल्कोहोलात काढलेला अर्क आणि आपण पाट्यावर वाटून काढलेला रस एक नव्हे. चीनमध्ये तू यूयू या बाईंनी हिवतापावर एका वनस्पतीतून औषध काढले, त्याबद्दल त्यांना २०१५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांच्या कामात अडचण आली ती उष्णतेची. जास्त तापवले की गुण जायचा. कमी उष्णतेवर अर्क काढला तेव्हा गुण टिकला. पाने तीच, फरक पद्धतीचा. शिवाय जून पान-कोवळे पान, उन्हाळा-पावसाळा, जमीन-पाणी यानेही अर्क बदलतो. एकाच जातीच्या उसाचा उतारा दोन शेतांत सारखा येत नाही, मग पानांचा कसा येईल?

चौथी गोष्ट, पान उपयोगी पडते ते दर वेळी जंतू मारूनच असे नाही. अडुळसा घ्या. त्यातल्या व्हॅसिसीन या द्रव्याचा धागा पकडून ब्रोमहेक्झिन हे औषध तयार झाले. आज खोकल्याच्या कितीतरी औषधांत ते असते. त्याचे काम जंतू मारणे नव्हे, तर कफ पातळ करून सुटा करणे. आजीचा अडुळसा खराच होता. पण छातीत न्यूमोनिया झाला असेल तर कफ सुटून भागत नाही, जंतूच मारावा लागतो.

कड्यापासून औषधापर्यंतची वाट किती लांब असते, ते पेनिसिलिनवरून दिसते. १९२८ साली लंडनमध्ये फ्लेमिंग यांना बशीत बुरशीभोवती असेच स्वच्छ कडे दिसले. त्या बुरशीचे द्रव्य शुद्ध करून रोग्याला टोचायला १९४१ साल उजाडले. तो पहिला रोगी ऑक्सफर्डकडचा एक पोलीस होता. तो सुधारू लागला, पण औषधाचा साठा संपला आणि बिचारा दगावला. मात्रा पुरेशी हवी आणि पुरते दिवस हवी, हा धडा तेव्हाचाच. पुढे आपल्या पिंपरीला १९५४ साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना उभा राहिला, तेव्हा पेनिसिलिन या देशात मोठ्या प्रमाणावर बनू लागले. पानांच्या अर्कांपैकी बरेचसे अजून १९२८ च्या मुक्कामावर आहेत, असे समजावे.

गोठ्यात : दगडी

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. कासदाह, म्हणजे आपण जिला दगडी म्हणतो, तो जंतूंमुळे होणारा रोग. कास सुजते, गरम लागते, दुधात गाठी येतात, कधी रक्त येते. वेळीच इलाज झाला नाही तर सड कायमचा बाद होतो.

सडाच्या भोकातून कोणताही घरगुती रस आत सोडू नये, हे आम्ही अगदी निक्षून सांगतो. वाटलेला रस निर्जंतुक नसतो. पाट्यावरचे, हातावरचे, पाण्यातले जंतू त्याबरोबर आत जातात, आणि सडाच्या आतली नाजूक त्वचा रसाने भाजल्यासारखी होते. एका जंतूवर इलाज करायला जावे आणि चार नवे आत सोडावे, अशी गत.

पण पानांचा उपयोगच नाही असेही नाही. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ दगडीसाठी एका लेपाचा प्रसार करते. २५० ग्रॅम कोरफडीची पाने, ५० ग्रॅम हळद आणि १५ ग्रॅम चुना एकत्र वाटायचा. लालसर लगदा होतो. कास धुऊन, सडातले दूध पूर्ण काढून टाकून, लगदा पाण्यात पातळ करून सगळ्या कासेला बाहेरून लावायचा. दिवसातून पुष्कळदा लावायचा आणि निदान पाच दिवस चालू ठेवायचा. सुरुवातीच्या सुजेवर हा लेप जरूर वापरावा. पण गाईला ताप असेल, खाणे सुटले असेल, दूध पाण्यासारखे किंवा रक्ताळलेले येत असेल, तर लेप लावत बसू नये. त्याच दिवशी जनावरांचे डॉक्टर बोलवावेत.

डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिले तर सांगितलेले दिवस पुरे करावेत आणि ते सांगतील तितके दिवस त्या गाईचे दूध डेअरीला घालू नये. औषधाचा अंश असलेल्या दुधाला विरजणही नीट लागत नाही, कारण दही लावणारे जंतूही त्यात मरतात. यावरूनच औषधाचा जोर लक्षात यावा.

कोयत्याची जखम

गळीत हंगामात फडात रोज कोणाच्या तरी हाताला, नडगीला कोयता लागतो. तोडणीवाले बंधू-भगिनी बांधावरची एकदांडी, म्हणजे दगडी पाला, चुरगाळून तिचा रस जखमेवर पिळतात. रक्त थांबायला त्याची मदत होते, असा त्यांचा पिढ्यान् पिढ्यांचा अनुभव आहे, आणि प्रयोगशाळेत या पानांनी काही जंतूंविरुद्ध गुणही दाखवला आहे.

धोका आहे तो धनुर्वाताचा. धनुर्वाताचा जंतू मातीत आणि शेणात असतो. त्याचे बीज इतके चिवट की उकळत्या पाण्यातही तग धरते. खोल जखमेत जिथे हवा पोचत नाही, तिथे ते रुजते. वरून पिळलेला रस तिथवर पोचत नाही. उलट मातीने भरलेला पाला दाबून बांधला तर ते बीज आपणच आत कोंबतो. म्हणून जखम आधी वाहत्या स्वच्छ पाण्याने आणि साबणाने भरपूर धुवावी, स्वच्छ फडक्याने दाबून रक्त थांबवावे आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे. मळलेल्या जखमेच्या वेळी शेवटची धनुर्वाताची लस घेऊन पाच वर्षांहून जास्त काळ झाला असेल, तर पुन्हा घ्यावी लागते. तोडणी मजूर आपल्या गावचा नसला तरी तो आपल्या फडात आहे तोवर त्याला दवाखान्यात पोचवणे हे शेतमालकाचे काम आहे, असे आम्ही मानतो.

आणखी एक. दशपर्णी अर्क हा किडींसाठी आहे. त्यात शेण, गोमूत्र घालून तो आंबवलेला असतो. तो जखमेवर किंवा जनावराच्या अंगावरच्या चट्ट्यावर कधीही लावू नये.

उसाला पाल्याचा रस चालेल का?

काही सभासदांनी बेणे कडुनिंबाच्या अर्कात बुडवून लावण्याबद्दल विचारले आहे. उसाचे जंतूजन्य रोग वेगळ्या ठिकाणी बसतात. गवताळ वाढ करणारा सूक्ष्म जीव उसाच्या अन्नवाहक नळ्यांत राहतो. खोडवा खुरटवणारा जंतू पाणी वाहणाऱ्या नळ्यांत राहतो. हा दुसरा रोग तर पानांवर काही दाखवतच नाही. खोडवा बारीक आणि आखूड राहतो आणि आपण दोष खताला किंवा पाण्याला देतो. कांडीच्या सालीवर फासलेला अर्क या नळ्यांपर्यंत जात नाही.

तिथे पोचते ती उष्णता. म्हणूनच मूलभूत बेण्याला बाष्पयुक्त उष्ण हवेची ५४ अंश सेल्सिअसला अडीच तास प्रक्रिया देतात. खोडवा खुरटण्याच्या रोगासाठी ५० अंशाच्या गरम पाण्यात दोन तास ही जगभर चालत आलेली रीत आहे. हे घरी चुलीवर करण्याचे काम नव्हे. दोन-तीन अंशांचा फरक पडला तर एकतर जंतू जगतो नाहीतर डोळा मरतो. अशा प्रक्रियेतून मूलभूत, पायाभूत आणि प्रमाणित या पायऱ्यांनी आलेले बेणेच घ्यावे आणि दर तीन वर्षांनी बेणे बदलावे. बेणे तोडताना एका शेतातून दुसऱ्या शेतात जाण्यापूर्वी कोयता धुऊन जंतुनाशकाच्या पाण्यात काही मिनिटे बुडवावा. खोडवा खुरटवणारा जंतू कोयत्याच्या पात्यावर बसून प्रवास करतो.

कडुनिंबाचा निंबोळी अर्क किडींसाठी आपण शिफारस करतो, ती तशीच आहे. कीड वेगळी, जंतू वेगळा.

मग हे प्रयोग कशासाठी?

कोणी म्हणेल, एवढे असताना मुलींनी बशा मांडून वेळ का घालवावा? तर तो वेळ वाया जात नाही. जंतू जुन्या औषधांना सरावत चालले आहेत. माणसांत, कोंबड्यांत, गाई-म्हशींत आणि पिकांतही आपण अँटिबायोटिके सढळ हाताने वापरली. डाळिंबाच्या तेल्यावर मारले जाणारे स्ट्रेप्टोमायसीन आणि टेट्रासायक्लीनचे मिश्रण आपल्या परिचयाचे आहे. माणसाच्या क्षयाच्या उपचारातले औषध बागेत फवारणे धोक्याचे, म्हणून केंद्र सरकारने २०२१ साली ते शेतीतून बंद करण्याचा मसुदा आदेश काढला. जुनी औषधे बोथट होत असताना नवीन द्रव्ये शोधायची कुठे, तर मातीत, बुरशीत आणि पानांतही. पुण्यात आघारकर संशोधन संस्थेसारख्या ठिकाणी वनस्पतींचा अभ्यास कित्येक वर्षे चालू आहे. हजार अर्कांतून एखादा पुढे जाईल. तो कोणता, हे बशीत पाहिल्याशिवाय कळणार नाही.

तेव्हा मुलगी सुट्टीत येऊन कड्याची गोष्ट सांगेल तेव्हा तिला गप्प करू नका. जंतू कोणता होता, अर्क कशात काढला होता, नुसत्या द्रवाचे भोक ठेवले होते का, हे तिला विचारा. ती आनंदाने सांगेल आणि तुमच्याही ज्ञानात भर पडेल.

थोडक्यात, लक्षात ठेवावे असे :

१. अडुळसा, तुळस यांचा काढा साध्या खोकल्या-पडशाला घ्यावा. ताप तीन दिवस राहिला किंवा दम लागू लागला तर डॉक्टरकडे जावे. दम लागल्यास तीन दिवसही थांबू नये.
२. सडात कोणताही रस सोडू नये. कोरफड, हळद, चुन्याचा लेप बाहेरून लावावा.
३. कोयत्याची जखम साबणाने धुवावी आणि धनुर्वाताच्या लशीची चौकशी करावी.
४. उसाचे बेणे प्रक्रिया केलेलेच घ्यावे, आणि कोयता निर्जंतुक करावा.
५. अँटिबायोटिक डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय सुरू करू नये आणि सुरू केलेले मध्येच सोडू नये.

ज्यांच्या खोडव्याची वाढ कारणाशिवाय खुंटलेली दिसते, त्यांनी फडातील पाच-सहा ऊस मुळासकट काढून आपल्या गट कार्यालयात आणावेत. शेतकी खात्याचे कर्मचारी कांड्या चिरून आतील खुणा तपासतील आणि पुढच्या लागणीसाठी बेण्याची नोंद तिथेच करून घेतील.